प्रतिसाद: खांबांत ७५ सेंमी फट ठेवण्याबद्दल

मोटरसायकली अडाव्यात पण व्हीलचेअर जावी, म्हणून पायवाटेच्या तोंडाशी लावलेल्या खांबांमध्ये ७५ सेंमीची फट ठेवा, असं सुचवलं गेलं आहे. ती दोन्हीकडून फसते. मोटरसायकलचं हँडल साधारण ७० ते ८० सेंमी, त्यामुळे ती थोडी तिरकी केली की निघते. अडकते ती व्हीलचेअर: खुर्ची ६५-७० सेंमी, त्यात चाकं ढकलणाऱ्या हातांची कोपरं बाहेर. अपंगांची बॅटरीवरची तीनचाकी तर आणखी रुंद.

म्हणून खांबांमध्ये मोकळं अंतर किमान १.२ मीटर हवं, जमल्यास १.५. मोजताना खांबाच्या मध्यापासून नव्हे, कडेपासून कडेपर्यंत मोजा; ही चूक सर्रास होते. खांबांच्या दोन्ही बाजूंना दीड मीटर सपाट जागा सोडा, नाहीतर उतारावर खुर्ची घसरून खांबाला घासते. खांब मीटरभर उंच, वर ठळक रंगाचा पट्टा. मधे साखळी नको, कमी दिसणाऱ्याला ती कळत नाही.

यातून मोटरसायकल जाणारच, हे मान्य करा. बहुतेक चारचाकी मात्र थांबतात. नागमोडी कठड्यांचा, म्हणजे वळत-वळत जावं लागेल अशा आडव्या कठड्यांचा, मोह टाळा: खुर्ची वळायला दीड मीटर लागतो, आणि तेवढ्यात मोटरसायकलही वळते. व्हीलचेअरवाल्यांना किल्ली देऊन कुलूपबंद फाटक? बाहेरगावच्या माणसाकडे किल्ली नसते, कुलूपही गंजतं. त्यापेक्षा ठरावीक वेळी गस्त आणि दंड.