बेटावरची पोरं, ५००० मीटरचा ट्रेक

आम्ही बेटावरची सहा पोरं, समुद्राकाठ सोडून कधी राहिलोच नाही, आता ५००० मीटरच्या ट्रेकला निघालोय. रोज पोहतो, दम चांगलाय, तरी त्रास होईल का?

> दम असला तरी उंची बाधते रे, उलट फिट पोरं घाईत चढतात आणि तीच आजारी पडतात. ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्राकाठच्या जवळपास निम्माच. ३००० च्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका, तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबाच.

> डोकं दुखलं, मळमळलं तर लपवू नका प्लीज. तोल जायला लागला किंवा बसल्याजागी धाप लागली तर रात्र असली तरी लगेच खाली, आणि एकट्याला पाठवायचं नाही.

> थँक्यू दादा, दोन दिवस वाढवतोय.