'आजार-ए पेदर' : आजार, छळ की जाच?

सायली:
सफवी घराण्याच्या काळातल्या इराणवरच्या एका फारसी लेखाचं भाषांतर करतेय. पहिल्या शाह अब्बासने १६१५ मध्ये थोरल्या मुलाला, सफी मिर्झाला, संशयावरून मारवलं. पुढे आणखी दोघा मुलांना आंधळं करवलं. त्यांतल्या एकाने नंतर स्वतःच जीव दिला, अशी गोष्ट काही युरोपीय प्रवाशांनी लिहून ठेवलीय. लेखात कारण आहे 'आजार-ए पेदर'. मी सरळ 'वडिलांचा आजार' लिहिलं. संपादकबाईंनी समासात लाल पेनने विचारलंय, "शाहला काय झालं होतं?"

मोडीवाचक:
फारसीत आजार म्हणजे त्रास, पीडा. आजही मुलांच्या छळाला तिथे 'कूदक-आजारी' म्हणतात. दुखण्याला बीमारी. आपल्याकडेही जुना अर्थ होताच. चिपळूणच्या जुमलेदारांना महाराजांनी १६७३ मध्ये लिहिलेलं पत्र बघा, रयतेला काडीचाही आजार देऊ नका असं बजावलंय. तो आजार तापाचा नव्हे. 'वडिलांनी केलेला छळ' लिहा.

शुद्धलेखक:
'पीडा' हा आपला शब्द असताना छळ कशाला?

मोडीवाचक:
छळही आपलाच की. संस्कृतात छल म्हणजे कपट, मराठीत त्याचा जाच झाला. अर्थ सरकतात म्हणून शब्द टाकून द्यायचे का?

कृष्णाकाठ:
'जाच' का नको? माझ्या आजीच्या तोंडी तोच असायचा. शेजारच्या सुनेने विहीर जवळ केली तेव्हा आजी एवढंच म्हणाली, "जाचाला कंटाळली गं." बाप असो, सासू असो, घरातल्या माणसाकडून रोज सोसायला लागतं तो जाच.

सायली:
जाच पटतोय, पण डोळे घालवणं जाचात मावेल का? आणखी एक अडलंय. त्या मुलाला पुढे 'सौदा' झाला असं लेखात आहे. मी आधी व्यवहार समजले होते.

हकीमनात:
हा सौदा अरबीतला, काळा. युनानी वैद्यकातलं काळं पित्त. ते वाढलं की 'मालीखोलिया', म्हणजे खिन्नतेचं दुखणं; शब्द मुळात ग्रीक. आमचे आजोबा गप्प-गप्प बसणाऱ्या रोग्याला सौदावी म्हणायचे. 'नैराश्य' लिहिलंत तर त्या काळाची सगळी समजूतच पुसली जाईल.

शुद्धलेखक:
मग 'विषाद' लिहा. आणि लेखात 'दीवाने' असेल तर वेडा.

मोडीवाचक:
दीवाना म्हणजे मुळात 'दीव' लागलेला. आपला देव तिकडे राक्षस झालाय. त्यामुळे 'झपाटलेला' जास्त जवळचा. दिवाण शब्दाचीही अशीच गोष्ट सांगतात : कारकून मनातल्या मनात हिशेब पुटपुटताना बघून इराणचा बादशाह खुस्रो म्हणाला, "दीवाने!"

शुद्धलेखक:
ती दंतकथा आहे.

मोडीवाचक:
दंतकथाच आहे. पण इब्न खल्दून या अरब इतिहासकारानेही तिची नोंद केलीय.

ओसरी:
एक विनंती. वर सायलीताईंनी 'जीव दिला' लिहिलंय, ते भाषांतरातही तसंच ठेवा. 'आत्महत्या केली' नको. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा पंचनाम्यावर तो शब्द होता. 'हत्या' वाचून आई कागद उलटा करून ठेवायची.

शुद्धलेखक:
ओसरी, माफ करा. पण 'जीव देणे' म्हणजे कुणासाठी तरी बलिदान, असाही अर्थ निघतो ना?

कृष्णाकाठ:
आमच्याकडे नाही निघत. आमच्याकडे "विहिरीत जीव दिला" असंच म्हणतात.