मे महिन्यात ताडोबा: वाघ दिसेल ना?

सानिका (ब-३०२): मंडळी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात ताडोबाला जायचं ठरतंय. मोहर्ली गेट. मंगळवारचं बुकिंगच दिसत नाहीये, साइट गंडलीये का?

नेनेकाका (अ-१०२): साइट बरोबर आहे. मंगळवारी सुट्टी असते तिथे. ओळखपत्र मूळचं न्या, झेरॉक्स चालत नाही.

वैद्यवहिनी (अ-४०१): मे महिन्यात चंद्रपूर?? ४५ च्या पुढे जातो पारा. पोरं भाजून निघतील गं.

नेनेकाका: ऊन आहेच, पण जनावरं बघायला उन्हाळाच बरा. पानगळ झालेली असते, लांबवर नजर जाते, पाणवठे मोजकेच उरतात. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर, म्हणजे आतलं मुख्य जंगल, बंदच असतं.

सानिका: वाघ दिसेल ना पण नक्की? एवढा खर्च करून...

देशपांडे (क-२०४): आम्हाला तीन सफाऱ्यांत शेपूटही दिसली नाही. दर वेळी समोरच्या जिप्सीतले म्हणणार, "आत्ताच गेला, पाच मिनिटं झाली."

नेनेकाका: आमचं ऐका. पहाटेची फेरी, गाइड जवळच्या गावातलीच मुलगी. चितळ ओरडलं, म्हणजे जवळपास वाघ असणार, म्हणून मी लगेच कॅमेरा वर केला. ती म्हणाली, "थांबा भाऊ, चितळाचं काही खरं नसते. सांबराचा कॉल येऊ द्या." जिप्सी बंद करायला लावली. बराच वेळ काही नाही. मग बांबूतून सांबर ओरडलं, जुन्या गाडीच्या भोंग्यासारखं. पाठोपाठ वानरं. सगळे गप्प. आमची ही गप्प, हे लिहून ठेवा. बांबू हलला आणि थांबला, वाघ काही बाहेर आला नाही. संध्याकाळी दिसली वाघीण, पण वीसेक जिप्स्यांच्या गराड्यात. मला सकाळच आठवते.

नेनेकाकू (अ-१०२): मी ग्रुपवर आहे.

नेनेकाका: 🙏

देशपांडे: रानकुत्री मात्र आम्ही मनसोक्त बघितली, तळ्याकाठी मगरही. ते कुणी विचारतच नाही.

वैद्यवहिनी: तळ्याजवळ तारूचं ठाणं, म्हणजे देवस्थान, आहे ना? माझं माहेर चंद्रपूरचं. तारू गोंडांचा पुढारी, वाघाशी झुंजताना गेला म्हणतात. त्याच्यावरून ताडोबा. पौषात जत्रा भरते.

सानिका: 😮 हे माहीतच नव्हतं. मुलांना सांगते. त्यांना फक्त रील काढायचंय.

नेनेकाका: कोअरमध्ये मोबाइलला बंदी आहे. कॅमेरा चालतो, त्याची फी वेगळी.

सानिका: अरे देवा. घरी भूकंप होणार आता.

सेक्रेटरी: कृपया ग्रुप सोसायटीच्या कामांपुरता ठेवावा. उद्या टँकर ११ वाजता.

सानिका: सॉरी सर. शेवटचं, जिप्सीत सहा जण बसतात, आम्ही पाच आहोत. कुणी येतंय का?

नेनेकाकू: माझं नाव लिही. गप्प बसेन.