प्रतिसाद: निर्णायक लढाई मुर्चेखोर्तचीच

इराणमधील मेहमानदोस्तच्या लढाईनेच तिथल्या सफवी राजघराण्याचे पुनरागमन निश्चित झाले, हे या चर्चेत मांडलेले मत मला अपुरे वाटते. सप्टेंबर १७२९ मध्ये तिथे पराभव होऊनही राजधानी इस्फहान अफगाण शासक अश्रफ होतकच्याच ताब्यात होती आणि उस्मानी तुर्कांची मदतही त्याला मिळाली होती. त्याची सत्ता खऱ्या अर्थाने मोडली ती १२ नोव्हेंबरला, इस्फहानच्या उत्तरेस मुर्चेखोर्त येथे.

या चर्चेत न आलेली, पण मला फार महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, ज्याच्या नावाने हे युद्ध झाले तो सफवी वारस दुसरा तहमास्प रणांगणावर नव्हताच. त्याचा सेनापती नादिर (पुढचा नादिरशहा) याने त्याला तेहरानला थांबवले होते आणि विजयानंतरच तो राजधानीत आला. गादी सफव्यांना मिळाली, सैन्य मात्र नादिरचेच राहिले. १७३२ मध्ये त्याने तहमास्पला पदच्युत केले, त्याचे मूळ मला इथेच दिसते.