400 किमीच्या बीआरएमसाठी रिकंबंट (मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल) घ्यावी का? (हात बधिर होण्याचा त्रास)

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं रोड सायकल चालवतेय. 200 आणि 300 किमीच्या बीआरएम (ठराविक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइड, शर्यत नव्हे) वेळेत झाल्या. 400 मात्र 260 व्या किलोमीटरला सोडली. पायांत दम होता, पण उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका इतकी बधिर झाली की ब्रेक किती दाबला गेलाय तेच कळेना. रात्रीच्या उतारावर खरंच घाबरले. पुढे तीन आठवडे शर्टाची बटणं लावताना बोटं ऐकत नव्हती. मनगटापाशी अल्नर नर्व्हवर दाब येतोय, असं डॉक्टर म्हणाले. फिटिंग पुन्हा करून घेतलं, हँडल वर घेतलं, जाड टेप लावली, जेलचे ग्लोव्ह्ज घेतले. शंभरपर्यंत बरं असतं, पुढे पुन्हा तेच.

मग ओळखीतल्या एकांची रिकंबंट मैदानात तासभर चालवून पाहिली. पुढचं चाक 20 इंची, हँडल छातीसमोर. पंधरा मिनिटं नुसती नागमोडी गेली, नंतर जमली. हातांवर काहीच भार नाही, मान सरळ! उतरावंसं वाटेना. पण एका तासावर एवढा मोठा निर्णय कसा घेऊ?

मुख्य भीती चढांची. 400 ला 27 तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी 15 च्या जरा आत सरासरी हवी. लांब चढावर वेग 7 वर आला तर हे गणित जमेल का? शिवाय रिकंबंटवर बंदी आहे असंही कुणीतरी सांगितलं. लांब पल्ला केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

आधी बंदीचं सांगतो. 1933 मध्ये फ्रान्सिस फॉरने अशा सायकलवर तासाभरात 45 किमी कापून विक्रम मोडला आणि 1934 मध्ये यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने ती शर्यतींतून बाद केली. ते शर्यतींपुरतं. बीआरएमला चालते. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या फ्रान्समधल्या लांब पल्ल्याच्या राइडला तर रिकंबंटवाल्यांचा गट वेगळा सोडतात.

मी चार वर्षं चालवतोय. हातांचा प्रश्न सुटेल, माझा सुटला. पण दुखणं दुसरीकडे सरकतं. पाय वर असल्याने तळवे बधिर होतात किंवा जळजळतात. क्लीट (बूट पेडलमध्ये अडकवणारा तळव्याखालचा तुकडा) थोडी मागे घेतली, बूट सैल ठेवले की बराच आराम पडतो. सीट फार उभी ठेवलीत तर बूड दुखतं.

चढावर उभं राहून वजन टाकता येत नाही, सगळं पायांच्या फिरकीवर. मागे मोठी कॅसेट (मागच्या चाकावरचा गिअरच्या चकत्यांचा संच) हवीच. वेग फार पडला की तोल सांभाळणं अवघड जातं, आणि चढावर थांबलात तर पुन्हा निघणं त्याहून अवघड. सपाटीवर आणि समोरून वारा असताना मात्र गेलेला वेळ परत मिळतो, कारण वाऱ्याला अंग कमी लागतं. तेव्हा एकूण किती चढ आहे यापेक्षा तो कसा आहे ते बघा. एक सलग तीव्र चढ आणि पुढे लांब सपाटी असेल तर जमून जातं. सतत छोटे उभे चढ-उतार असले की मी अजूनही मित्रांच्या मागे पडतो.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: साध्या पेडलवर लांब जाऊ नका. पाय घसरून जमिनीला टेकला तर सायकल पुढे जाते आणि पाय सीटखाली ओढला जातो, घोटा मोडू शकतो. बूट अडकून राहणारे क्लिपलेस पेडल वापरा, पण पाय सोडवायचा सराव आधी करा. मागे वळून बघता येत नाही, म्हणून आरसा लावा. सायकल बुटकी असते, गाड्यांना दिसावी म्हणून उंच झेंडाही लावा. चेन जवळपास तिप्पट लांब असते, जास्तीच्या लिंक जवळ ठेवा.

विकत घेण्याआधी महिनाभर उसनी मागा. पायांचे स्नायू वेगळे लागतात, पहिल्या आठवड्यात तुम्हाला आपण कमजोर झालोय असं वाटेल. त्यावर निर्णय घेऊ नका.

धागाकर्ती

मनापासून आभार. तळव्यांचं मला माहीतच नव्हतं. त्यांच्याकडे महिन्यासाठी मागितली, हो म्हणालेत. आधी क्लिपलेसचा सराव, मग माझ्या नेहमीच्या चढावर दोन्ही सायकलींची वेळ लावून बघेन. तीनचाकी रिकंबंटवर लांब पल्ला केलेलं कुणी आहे का? चढावर तोलाचा प्रश्नच येणार नाही असं वाटतंय, पण खड्डे चुकवताना तीन चाकांचं कसं जमवता?