पेसमेकर बसवून नऊ दिवस, आता पोट उडतंय

राणीची आई:
राणी माझी अकरा वर्षांची लॅब्रॅडॉर. थर्ड डिग्री हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही; ठोके मिनिटाला 38, चालता चालता कोसळायची. पेसमेकरनंतर पोर परत दारापर्यंत धावत यायला लागली. कालपासून मात्र आडवी झाली की बरगड्यांखालची कड उचकी लागल्यासारखी एका तालात उडते. मानेला टाक्यांपाशी लिंबाएवढी मऊ सूज आहे, गरम नाही. जेवते नीट. दवाखान्यातून सोमवारी बोलावलंय. आज शुक्रवार. थांबू का?

शेरूचा बाबा:
ताई, थांबू नका. आमच्या शेरूचं असंच सुरू झालं होतं. पेसमेकरची तार मानेतल्या शिरेतून हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात सोडलेली असते. तिचं टोक तिथे पक्कं धरायला काही आठवडे लागतात. तोवर ते सरकू शकतं, क्वचित भिंतीच्या आरपारही जातं. मग पेसमेकरचा झटका श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोटामधल्या स्नायूच्या पडद्याला, लागतो आणि पोट उडतं. कधी नुसता झटका जोरात ठेवलेला असतो, तो बाहेरून मशीननं कमी करता येतो. पण यातलं नेमकं काय, ते एक्स-रे आणि ईसीजीशिवाय कुणालाच सांगता येणार नाही.
मागच्या पायाच्या आतल्या बाजूला, मांडीच्या अगदी वर, बोटं हलकी टेकवा आणि नाडी पूर्ण मिनिटभर मोजा. पेसमेकर किती ठोक्यांवर लावलाय ते दवाखान्याच्या कागदावर असेल. त्याहून कमी भरली तर लगेच निघा. शेरूला मी बाराव्या दिवशी सोफ्यावर उडी मारू दिली होती. तार निसटली, दुसऱ्यांदा भूल द्यावी लागली. ते अजून मनातून जात नाही.

एक पशुवैद्य:
वरचं बरोबर आहे. हिरड्या पांढऱ्या पडल्या, धाप लागली किंवा राणी गळून गेली तर हृदयाभोवती रक्त साचत असू शकतं, तेव्हा एक मिनिटही घालवू नका. मऊ, थंड सूज बहुधा नुसतं पाणी असतं, ते जिरतं. सुई घालून काढायला लावू नका, जंतू थेट पेसमेकरपर्यंत जातात. गळपट्टा कायमचा बंद, छातीचा हार्नेसच वापरा. रक्त तपासायचं झालं तर मानेतून काढू देऊ नका, पायातून घ्या म्हणावं.

राणीची आई:
दोनदा मोजली, 44. कागदावर 70 आहे. उचलून गाडीत ठेवलंय, निघालो.

राणीची आई:
टोक सरकलं होतं. रात्रीच परत बसवलं, रक्त साचलेलं नव्हतं. आत्ता माझ्या पायाशी झोपलीये. बोटाखाली 70 लागतायत आणि पोट शांत आहे.