नेपानगरला वृत्तपत्राच्या कागदाचा कारखाना का उभारला गेला?

जुनी कात्रणे: भुसावळहून खांडव्याकडे जाताना बऱ्हाणपूर सोडले की नेपानगर स्थानक लागते. वृत्तपत्राचा कागद तयार करणारा देशातला पहिला कारखाना मुंबईसारख्या बंदराजवळ न उभारता तिथे का उभारला गेला? शिवाय ‘नेपा’ हे मूळ गावाचे नाव आहे काय?

वऱ्हाडकर: नाव गावाचे नव्हे, कारखान्याचे आहे. ‘नॅशनल न्यूजप्रिंट अँड पेपर मिल्स’ या नावातल्या इंग्रजी अक्षरांवरून ‘नेपा’ झाले आणि त्यावरून वसाहत नेपानगर म्हणून ओळखली जाऊ लागली. जानेवारी १९४७ मध्ये ही कंपनी खासगी उद्योग म्हणून स्थापन झाली. मात्र दोनच वर्षांत प्रांतिक सरकारला ती हाती घ्यावी लागली. एप्रिल १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते कारखान्याचे उद्घाटन झाले, तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती, हे आज आपल्याकडे फारसे कुणाच्या लक्षात नसते. पुढे १९५९ मध्ये कारखाना केंद्र सरकारकडे गेला.

लगदा: जागेचे उत्तर सालईच्या झाडात आहे. थंड देशांत या कागदासाठी सूचिपर्णी झाडांचे मऊ लाकूड वापरत. ते इथे नव्हते, पण आसपासच्या निमाड भागातल्या कोरड्या डोंगरांवर सालई मुबलक होती. एरवी आपल्याला ती धूप-गुग्गुळासाठीच ठाऊक. तिचे ओंडके पाण्याच्या धारेखाली फिरत्या दगडी चाकावर दाबून धरले की लाकडाचा लगदा होतो. अशा लगद्याचे तंतू आखूड असल्याने नुसत्या त्याचा कागद वेगाने फिरणाऱ्या छपाईयंत्रावर टिकत नाही, म्हणून रसायनात शिजवलेला बांबूचा लांब तंतूंचा लगदा त्यात मिसळत. ओंडके आणि बांबू जड, जागा खाणारे; ते दूर वाहून नेण्यापेक्षा जंगलाच्या कडेला, मुंबई-इटारसी रेल्वेमार्गावर कारखाना उभारून तयार कागद पाठवणे अधिक व्यवहार्य होते.

जुनी कात्रणे: म्हणजे माझी जुनी कात्रणे हात लावताच तुकडे पडावीत इतकी पिवळी झाली आहेत, त्याचेही मूळ याच लगद्यात असावे काय?

लगदा: बरोबर. दळलेल्या लगद्यात लाकडातले लिग्निन (तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य) तसेच राहते आणि उजेड व हवा लागताच ते पिवळे पडते. कात्रणे अंधारात, कोरड्या जागी ठेवा.

वऱ्हाडकर: एक पुरवणी. सालईचे दिवस तिथे केव्हाच सरले. पुढे रद्दी कागदाची शाई काढून लगदा करण्यात येऊ लागला. नूतनीकरणासाठी २०१६ मध्ये थांबलेले उत्पादन २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले.